चेकरशी बोलायचं कुणी?

४ फेब्रुवारी

ताई,

पत्र पुढे वाचण्याआधी दारात उभ्या असलेल्या माणसाच्या हातातला पिंजरा घे आणि त्याला पाणी विचार. आमच्या दवाखान्याचा ड्रायव्हर आहे तो. शेजारच्या सीटवर पिंजरा बांधून पाच तास गाडी हाकत आलाय.

घेतलास? आता बस, आणि मला काय शिव्या द्यायच्या त्या दे. लिहूनच दे, म्हणजे जपून ठेवता येतील.

आत बसलेले राखाडी गृहस्थ पोपट आहेत. हिरवा नाही म्हणून नाक मुरडू नकोस, शेपटी बघ कशी लालभडक आहे! एक बाई परदेशी मुलाकडे राहायला चालल्या, त्या याला आमच्या जनावरांच्या दवाखान्यात सोडून गेल्या. वय चार वर्षं. पिंजऱ्यातच जन्मलेला, त्यामुळे मोकळा सोडला तर दोन दिवस टिकायचा नाही. इथे दिवसभर कुत्री भुंकतात आणि हा कोपऱ्याकडे तोंड करून बसतो. मी कंपाउंडर माणूस, जनावरांच्या जखमा बांधू की याची समजूत काढू? माझ्या घरी मांजर आहे. आमचे डॉक्टर म्हणाले, याला शांत घर हवं. शांत घर म्हटल्यावर मला दुसरं कोण आठवणार?

फोन करून विचारणार होतो. पण तुझ्या घशाच्या ऑपरेशनपासून आपल्या फोनवर मी एकटाच बोलतो आणि तू पलीकडे नुसता श्वास सोडतेस. त्यापेक्षा पत्र बरं. पत्रात तू पूर्वीसारखीच भांडतेस.

ही जात माणसासारखी बोलते म्हणतात. याने मात्र अजून एक शब्द उच्चारलेला नाही. बघ तुला जमतंय का.

तुझा धाकट्या

९ फेब्रुवारी

धाकट्या,

ज्या भावाला मी अंगाखांद्यावर खेळवलं, त्याने माझ्या अंगावर पाखरू सोडावं ना? विचारायची पद्धत असते की नाही? तुझ्या ड्रायव्हरला पाणी दिलं, खायला दिलं आणि पिंजरा परत ने म्हणून खूण केली. तो हात जोडून जो पळाला, तो चप्पल घालायचीही विसरला. पाठवून देते.

आता खरं सांगते. पाच दिवस झाले, मी या प्राण्यावरून नजर काढलेली नाही. काय त्याचा रुबाब! मान तिरकी करून, एक डोळा बारीक करून माणसाला असा न्याहाळतो, की आपण विनातिकीट घरात शिरलो की काय असं वाटावं. मी याचं नाव चेकर ठेवलं. यांनी तर पहिल्याच दिवशी आपल्या चष्म्याच्या दुकानातून येताना त्याच्यासाठी छोटा आरसा आणला. चेकरने आरशातल्या चेकरचीही कसून तपासणी केली आणि पाठ फिरवली.

माझी रजा एकतीस मेपर्यंत आहे. बावीस वर्षं बस स्टँडच्या त्या काचेच्या खोलीत बसून गाड्यांच्या वेळा सांगितल्या, एवढी सलग रजा कधी घेतली नव्हती. आगारप्रमुख परवा येऊन गेले. फार गोड बोलले. म्हणाले, बाई, तुमच्या जुन्या कॅसेट आहेत, वीज गेली की जनरेटरवर लावायचो त्या. त्यातल्या चांगल्या निवडून ठेवा. गरज पडली तर त्याच वाजवू, तुम्ही पास विभागात आरामात बसा. मी कॅसेट ठेवून घेतल्या आहेत. अजून ऐकल्या नाहीत.

घशाच्या डॉक्टरीणबाईंच्या मते आवाज येईल, पण पहिल्यासारखा नाही, आणि वापरला नाही तर तेवढाही राहणार नाही. मी रोज थोडं बोलते. काळजी करू नकोस.

चेकरला काय काय लागतं ते सविस्तर लिही.

ताई

१७ फेब्रुवारी

ताई,

तू त्याचं नाव ठेवलंस म्हणजे तो तुझा झाला. आता मागे फिरता येणार नाही!

ऐक. पिंजऱ्याची एक बाजू भिंतीला असू दे, चारी बाजूंनी उघड्यावर त्याला धास्ती वाटते. उंची तुझ्या डोळ्यांइतकी. स्वयंपाकघरात अजिबात नको, तापलेल्या भांड्यांचा धूर यांच्या छातीत बसतो. हात आत घालून पकडायला जाऊ नकोस. तू शेजारी खुर्ची टाकून तुझं काम कर. भाजी निवड, पेपर वाच, त्याच्याकडे फार पाहू नकोस. चार-आठ दिवसांनी सूर्यफुलाची एक बी चिमटीत धर आणि जाळीपाशी ने. एकच. ती त्याला वाडग्यात कधीच द्यायची नाही, फक्त तुझ्या हातून. पेरू, सफरचंद, हिरवी मिरची चालते. मिरची त्यांना तिखट लागत नाही, तेव्हा घाबरून पाणी पाजत बसू नकोस.

चोचीचा वरचा भाग खालच्यावर घासून कर्रकर्र आवाज काढायला लागला की समज, स्वारी खुशीत आहे. डोळ्यांतली बुबुळं झपाझप लहान-मोठी झाली की तो ऐकण्यात पार गुंतलाय असं समज. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, त्याच्याशी बोल. एकच वाक्य, ठरलेल्या वेळी, रोज. ही पाखरं थव्यातली असतात. ज्या घरात कुणी बोलत नाही, त्या घरात त्यांना वाटतं काहीतरी संकट आलंय.

बावीस वर्षं अख्ख्या बस स्टँडला बोलून हलवलंस, तुला एका पोपटाचं काय!

धाकट्या

१२ मार्च

धाकट्या! धाकट्या!

त्याने बी घेतली! माझ्या बोटांतून!

पंधरा दिवस मी सूर्यफुलाची बी धरून पुतळ्यासारखी उभी राहतेय आणि साहेब तोंड वळवून बसताहेत. काल दुपारी माझा हात अवघडला, मी दुसरीकडेच बघत होते, आणि बोटांना काहीतरी ओलं-कोरडं लागलं. जीभ होती त्याची! काळी, टोकाला गोल, अंगठ्याच्या पेराएवढी. बी सोलली, टरफल माझ्याच हातावर टाकलं आणि वर मान तिरकी करून पाहिलं, दुसरी कुठाय म्हणून. मला आनंदाने हसू फुटलं. आवाज नाही निघाला, पण मी हसले.

आज पिंजऱ्याचं दार उघडं ठेवलं. तो बाहेर आला, खुर्चीच्या पाठीवर चढला आणि माझ्या चष्म्याची काडी चावून पाहिली. हे म्हणे, मोडली तर दुकान घरचंच आहे.

शिकवणीही सुरू केली आहे. रोज दुपारी अर्धा तास त्याला गाड्यांच्या घोषणा ऐकवते. "प्रवाशांनी लक्ष द्यावं" इथपासून सगळं. रजा संपायला अजून अडीच महिने आहेत. तोवर हा पठ्ठ्या माझ्या आवाजात फलाट क्रमांक सांगतो की नाही बघ!

ताई

१८ मार्च

ताई,

तुझं पत्र मी दवाखान्यात मोठ्याने वाचलं. ड्रायव्हरने परत मिळालेल्या चपलेची शपथ घेऊन सांगितलं की त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, या घरात पोपट टिकणार.

पण खरा आनंद सांगू कशाचा झाला? तू घोषणा म्हणतेस! अर्धा अर्धा तास! मला वाटलं होतं तू तोंडाला कुलूप लावून बसली असशील आणि मला पत्रातून गंडवत असशील. माफ कर. मला आभाळ ठेंगणं झालं बघ. बायकोला म्हटलं, ताई एक जूनला माइकवर बसणार. ती म्हणाली, मग पहिल्या दिवशी आपण जायचं.

फार ताण देऊ नकोस घशाला. मध्ये मध्ये कोमट पाणी पी.

धाकट्या

५ एप्रिल

धाकट्या,

चेकरने पहिला आवाज काढला! शब्द नव्हे, पण आवाज. आधी "खट्ट" आणि मग लगेच "श्शऽऽऽ". पुन्हा "खट्ट", "श्शऽऽऽ". दिवसातून पन्नास वेळा. इतका हुबेहूब काढतो की मी दोनदा वळून पाहिलं. बुबुळं मात्र हलत नाहीत. घोषणा चालू असतात तेव्हा तर तो चक्क डुलक्या काढतो.

एक विचारायचं होतं. पिंजऱ्याच्या तळाशी चार दिवस पिसं दिसताहेत. छातीवरची, बारीक, राखाडी. आज छातीवर रुपयाएवढी जागा उघडी पडली आहे. स्वतःच उपटतो, मी पाहिलं. अंघोळ घातली, जागा बदलून पाहिली, मिरची दिली. काही आजार असेल का? लगेच कळव, माझा जीव थाऱ्यावर नाही.

ताई

९ एप्रिल

ताई,

आजार आहे, पण पोपटाला नाही.

"खट्ट" म्हणजे टेपचं बटण. "श्शऽऽऽ" म्हणजे कॅसेट सुरू झाल्यावर शब्द येण्याआधीची खरखर. तू त्याला आगाराच्या जुन्या कॅसेट ऐकवतेस. तू स्वतः एक शब्द बोलत नाहीस. आणि मी येड्यासारखा इथे सगळ्यांना सांगत फिरलो.

तो यंत्राकडून कधीच शिकणार नाही ताई. जो त्याच्याकडे बघतो, थांबतो, त्याने मान हलवली की आपलीही हलवतो, त्याच्याकडून तो शिकतो. यंत्राकडून तो फक्त यंत्र शिकला. पिसं उपटतोय तो एकटेपणाने. आमचे डॉक्टर म्हणाले, महिनाभरात फरक पडला नाही तर त्याला परत आणा. नाहीतर सगळं अंग सोलून घेईल आणि मग ती पिसं पुन्हा येतही नाहीत.

आता माझीही चोरी सांगतो. दवाखान्यात त्याला न्यायला दोन घरं तयार होती, तिथे बोलणारी माणसं होती. मीच म्हटलं, माझ्या बहिणीकडे पाठवा. मला वाटलं, माणसांपुढे तुला आपल्या आवाजाची लाज वाटत असेल, पाखरापुढे वाटणार नाही. तुझ्यासाठी मी त्याला तिकडे ढकललं. तेव्हा त्याच्या छातीवरच्या त्या उघड्या जागेत निम्मा वाटा माझा आहे.

मी चिडलोय. तुझ्यावर आणि माझ्यावर.

धाकट्या

२२ एप्रिल

धाकट्या,

दहा दिवस तुला पत्र लिहिलं नाही, कारण तू खरं लिहिलं होतंस.

आता सगळंच सांगते. ऑपरेशननंतर तीन आठवडे बोलायचं नव्हतं, म्हणून मी पाटी घेतली. तीन आठवडे संपले त्या सकाळी न्हाणीघरात दार लावून मी हळूच एक घोषणा म्हणून पाहिली. तो आवाज ऐकून मी नळ मोठा सोडला. लाकडावर कानस घासावी तसा आवाज. बाहेर आले आणि पुन्हा पाटी घेतली. आणि तुझे भावोजी बघ! मला एकटीला लिहावं लागतं म्हणून त्यांनीही स्वतःसाठी पाटी आणली. बहिरी मी नाही, ते नाहीत, तरी आम्ही दोघं समोरासमोर बसून खडू घासतो. "भाजीत मीठ कमी" हेही लिहून. मला ते तेव्हा इतकं प्रेमाचं वाटलं की त्यात काही चुकतंय हे कळलंच नाही. चार महिने या घरात कुणी कुणाला हाक मारलेली नाही. त्या बिचाऱ्या पाखराने काय समजावं?

तुझं पत्र आलं त्या दुपारी टेप कपाटात टाकला. हे दुकानात गेले की मी खुर्ची ओढून चेकरसमोर बसते आणि बोलते. पहिल्या दिवशी दोनदा उठून परत बसले. तोंडातून निघालं ते "चेकर", तेही अर्धं. आणि धाकट्या, त्याची बुबुळं! लहान, मोठी, लहान, मोठी! तो जाळीला चिकटला, मान माझ्या तोंडाजवळ आणली. बावीस वर्षांत माझं इतकं मन लावून कुणी ऐकलं नसेल. स्टँडवर तर लोक गाडी चुकली की मलाच शिव्या देतात.

त्याच्याशी काय बोलायचं, म्हणून मी तेच वाक्य घोकते जे मला यांना म्हणायचं आहे आणि धीर होत नाही. "अहो, ऐकलंत का?" एवढंच. रोज तीस-चाळीस वेळा. हे आले की मी पुन्हा पाटी घेते. त्यांनी ऐकलं आणि चेहऱ्यावर नुसती दया दिसली, तर मला सोसवणार नाही.

पिसं आठवडाभर पडलेली नाहीत. त्याला नेऊ नका.

ताई

१४ मे

धाकट्या,

बस आणि वाच.

काल रविवार, हे घरीच. बाहेरच्या खोलीत भिंग लावून कुणाच्या तरी फ्रेमचा स्क्रू बसवत होते. मी मोरीपाशी कपडे पिळत होते. चेकर खुर्चीवर. आणि एकदम, स्पष्ट, माझ्या नव्या आवाजात, तीच खरखर, शेवटाला आवाज जरा बसतो तोही तसाच: "अहो, ऐकलंत का?"

बाहेरून उत्तर आलं, "काय गं?"

तोंडाने! जवळजवळ पाच महिन्यांनी! इतक्या सहज, जणू मध्ये काही घडलंच नव्हतं. मग खुर्ची पडल्याचा आवाज. हे धावत आत आले, एका डोळ्याला भिंग तसंच, आणि माझ्याकडे बघत उभे. मी कपड्याचा पीळ धरून उभी. म्हणाले, "तू बोललीस?" मी मान हलवली, नाही म्हणून, आणि चेकरकडे बोट केलं. चेकरने दोघांकडे संशयाने पाहिलं आणि पुन्हा म्हणाला, "अहो, ऐकलंत का?"

तेव्हा मी तो आवाज बाहेरून ऐकला रे. स्वतःच्या डोक्यातून नव्हे, खोलीच्या पलीकडून. खरखरीत आहे. पण वाईट कुठे आहे? शब्दन् शब्द कळतो. माझाच आहे, हे आंधळ्यालाही कळेल. आणि या माणसाने तो कधी ऐकलेलाच नव्हता, तरी "काय गं" म्हणायला त्यांना क्षणभरही थांबावं लागलं नाही.

मग मी म्हटलं, "अहो, भिंग काढा, पडेल."

हे खाली बसले आणि पोरासारखे रडले. मीही. त्यानंतर दिवसभर आम्ही इतकं बडबडलो की संध्याकाळी माझा घसा पार बसला आणि डॉक्टरीणबाईंनी फोनवर झापलं. हो, फोनवर. मीच केला होता.

ताई

१८ मे

ताई!

दवाखान्यात आज एका गाईला टाके घालताना मी गाणं म्हणत होतो. डॉक्टर म्हणाले, तुला झालंय काय? मी म्हटलं, माझ्या बहिणीचा पोपट बोलला. ते म्हणाले, पोपट बोलणारच. मी म्हटलं, तुम्हाला नाही कळायचं.

एक जूनला आमची दोघांची रजा होती, पण इथे लसीकरणाचं शिबिर निघालं. येता येणार नाही, जीव नुसता तडफडतोय. सगळं लिही. कोण काय म्हणालं, कुणाचं तोंड कसं झालं, सगळं.

धाकट्या

१ जून

धाकट्या,

सगळं लिहिते, घाईत लिहितेय म्हणून अक्षर समजून घे.

सकाळी साडेसहाला काचेच्या खोलीत शिरले. पंखा तोच, खुर्चीची उशी कुणीतरी पळवलेली. आगारप्रमुख आधीच हजर. मी नमस्कार केला, त्यांनी माझा आवाज ऐकला आणि त्यांचं तोंड जरा उतरलं. म्हणाले, "बाई, आज घाई नको. मी टेप लावतो, तुम्ही नुसत्या बसा." माझ्याच कॅसेटची एक प्रत त्यांच्याकडे तयार होती. इतकं घोकून गेले होते, पण त्यांचं तोंड पाहून मी माइकपासून खुर्ची मागे ओढली. मी बसले.

सातच्या गाडीची घोषणा टेपवर झाली. माझा जुना आवाज, गोड, गोल. "नदीकाठची गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे." काचेतून दिसत होतं, दोनवर साठेक माणसं सामान घेऊन उभी. इतक्यात कंडक्टरने खिडकीवर थाप मारली. "बाई, दोनवरच्या खड्ड्यात पाणी साचलंय, गाडी पाचवर लावलीय! सहा मिनिटांत सुटणार, आत एक माणूस नाही!"

टेपमधली मी पुन्हा म्हणाली, फलाट क्रमांक दोन.

आगारप्रमुख टेपकडे बघू लागले. त्यांच्या कुठल्याच कॅसेटमध्ये नदीकाठची गाडी पाचवर लागत नव्हती. मी हात लांब करून टेप बंद केला, माइकचं बटण दाबलं आणि बोलले. "प्रवाशांनी लक्ष द्यावं. नदीकाठची सातची गाडी आज फलाट क्रमांक पाचवर उभी आहे. पुन्हा सांगते, पाचवर. सावकाश चला, तुम्हाला घेतल्याशिवाय गाडी सुटणार नाही." हे शेवटचं कुठल्याही नियमात नाही, पण तोंडातून गेलं.

भोंग्यातून माझी खरखर अख्ख्या स्टँडवर पसरली. मी डोळे मिटून घेतले, कुणीतरी हसेल म्हणून. कुणी हसलं नाही. डोळे उघडले तेव्हा एकही माणूस भोंग्याकडे बघत नव्हता. त्यांनी पिशव्या उचलल्या, पोरं काखेत मारली, एका आजोबांनी पेटी खांद्यावर घेतली, आणि सगळेच्या सगळे पाच नंबरला चालत गेले.

ताई